मामंजींच्या वाट्यावरचा दगड

“दगड?” मामंजी म्हणाले. “माझ्या जागी दगड ठेवलात?”

“काहीतरी ठेवावंच लागतं ना, बाबा,” किन्जी म्हणाला. “तुम्ही नव्हता, तुमची वस्तू नव्हती. शिनपेईने तिथलाच एक उचलून ठेवला. चांगला गुळगुळीत होता.”

“गुळगुळीत होता म्हणतोस. मग बरंच झालं.”

“आता उगीच ताणत बसू नका.”

“ताणतंय कोण? दगडाला कुठं बोलता येतं?”

भांडणाला सुरुवात झाली ती पळीमुळे. खोलीच्या मधोमध खणलेल्या चुलीवर, आकड्याला पातेलं टांगलेलं होतं. मुळा, मिसो म्हणजे सोयाबीनचा आंबवलेला गोळा आणि अस्वलाचं मांस सकाळपासून रटरटत होतं. मामंजींनी चव बघायला पळी घातली आणि पळीत काळजाचे दोन तुकडे आले. आमच्या गावात अस्वलाच्या प्रत्येक वाट्यात फासळ्या सारख्या, चरबी सारखी, आणि काळजाचा तुकडा एकच. दोन तुकडे म्हणजे दोन वाटे. आणि आदल्या दिवशी आमच्या घरातून डोंगरावर गेला होता एकटा किन्जी, माझा नवरा. मामंजींनी पळी अलगद परत सोडली आणि विचारलं, “दुसरा कुणाचा?”

तेव्हापासून कुणी वाडग्याला हात लावला नव्हता.

हे सगळं झालं तेव्हा आमच्या गावात चांगले डझनभर माटागी होते. माटागी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या डोंगरात शिकार करणारे. बाकीचे दिवस कुणी लाकूडतोडीवर, कुणी रस्त्याच्या कामावर. एप्रिलात बर्फ घट्ट झाला, बीच जातीच्या झाडांना कळ्या धरल्या आणि अस्वलं ढोलीतून बाहेर यायला लागली, की सुट्टीच्या दिवशी हीच माणसं वेगळी दिसायची. आता ती चूल बुजवून वर फळ्या मारल्यात आणि त्यावर टीव्ही आहे. पण एप्रिल लागला की माझं नाक अजून त्या पातेल्याचा वास शोधतं.

मी मूळची समुद्रकाठची. माझे वडील मासे विकायचे. लग्न ठरलं तेव्हा या घरून निरोप आला होता, की मुलीसोबत काही नको, फक्त एक वाळवलेला ओकोझे मासा पाठवा. इतका कुरूप मासा आमच्याकडे कुणी फुकटही नेत नसे. वडिलांना वाटलं थट्टा चाललीय. पण डोंगराची देवी दिसायला यथातथाच, आणि आपल्याहून कुरूप कुणी बघितलं की ती खूश होते, असं इथे मानतात. मामंजींनी तो मासा दोन्ही हातांनी घेतला, कागदात गुंडाळला आणि देवाच्या फळीवर ठेवला; शिकारीला निघताना ते पुडकं ते बरोबर न्यायचे. नंतर कितीतरी वर्षं ते पाहुण्यांना सांगायचे, “सून चांगली आहेच, पण मासा काय आणलाय!”

मामंजींचं नाव तोकुझो. अंगाने किरकोळ, चालताना मान जरा पुढे. बंदुकीच्या आवाजाने उजवा कान गेलेला, त्यामुळे सासूबाई महत्त्वाचं बोलणं डाव्या बाजूने करत आणि टोमणे उजव्या बाजूने. तरुणपणी ते आरडाओरडा करून जनावर उठवणारे हाकारे होते, मग बंदूक घेऊन नाक्यावर उभे राहिले, मग गावच्या शिकारीचे म्होरके झाले. घरात त्यांचा शब्द चाले असं मात्र नाही. लोणच्याचे मुळे कधी धुरावर टांगायचे हेसुद्धा सासूबाई ठरवायच्या.

मी आले त्या वर्षी पहिलं अस्वल आलं, तेव्हा मी हौसेने विचारलं, “मामंजी, केवढं होतं?” ते म्हणाले, “ते तराजूला विचार, फुमिए. सगळे उजेडी घरी आले, एका बारात काम झालं आणि वाट्यावरून कुणाचं तोंड वाकडं झालं नाही, तर शिकार झाली म्हणायचं. नाहीतर नुसतं मांस आलं.”

पिल्लांची आई समोर आली तर ते बंदूक खाली करून तिला वाट देत. दुसऱ्या कुणाच्या हातून जनावर जखमी होऊन निसटलं, तर मागावर स्वतः जात. एकदा तसे गेले ते दुसऱ्या दिवशी दिवस कलल्यावर आले. काम पुरं करून आले होते, पण जेवले नाहीत. “ते रात्रभर उपाशी चाललं,” एवढंच म्हणाले.

वाटे घालण्याची रीतही त्यांच्या हाताखाली बिघडली नाही. बर्फावर फांद्या पसरायच्या, त्यावर चढलेल्या माणसांइतके ढीग लावायचे. प्रत्येकाने आपली एकेक वस्तू द्यायची. कुणाचा हातमोजा, कुणाचं चाकूचं म्यान, कुणाची टोपी. म्होरक्याने ढिगांकडे पाठ करायची आणि मागे हात नेऊन एकेका ढिगावर एकेक वस्तू टाकायची. बार ज्याने काढला त्याचा ढीग आणि जो दिवसभर नुसता ओरडत झाडीतून चालला त्याचा ढीग, यांत फरक नाही. म्होरक्यालाही जास्त नाही. आणि जो चढला नाही, त्याला ढीग नाही.

या भांडणाच्या आदल्या वर्षी मामंजींचा पाय बर्फाखालच्या पोकळीत गेला. अस्वल घेरलेलं होतं. पण सगळे त्यांना बाहेर काढायला धावले आणि त्यांना पाठीवर घेऊन उतरले. अस्वल रमतगमत निघून गेलं. जाताना वळून त्याने नमस्कार केला, असं शिनपेई सगळ्यांना सांगायचा. मामंजीही हसायचे. गुडघा काही बरा झाला नाही. त्या वर्षी बर्फ घट्ट झाला तेव्हा शिनपेई, आता तोच म्होरक्या, साकेची म्हणजे तांदळाच्या दारूची बाटली घेऊन आला आणि अदबीने म्हणाला, “काका, यंदा विश्रांती घ्या.” मामंजींनी बाटली घेतली. उघडली नाही.

आदल्या दिवशी शिकारीला माणसं गेली तेव्हा ते दिवसभर अंगणात जुनी दोरी उसवत बसले होते. संध्याकाळी किन्जी आला, तेव्हा “सगळे आले?” एवढंच विचारून भिंतीकडे तोंड करून झोपले. किन्जीने दुसरं पुडकं आईच्या हातात दिलं आणि सासूबाईंनी सकाळी, ते परसात असताना, दोन्ही पुडकी पातेल्यात रिकामी केली.

“परत देऊन ये,” मामंजी आता म्हणाले.

“काय परत देऊ? मुळ्यासकट?” सासूबाई म्हणाल्या. “पातेलं घेऊन दारोदार फिरू का? माझ्या नवऱ्याने नको म्हटलंय, हा घ्या तुमचा रस्सा?”

“न विचारता घातलंसच का?”

“विचारलं असतं तर घालू दिलं असतंत?”

किन्जीने मग शेवटचं काढलं. “गेनसाकूकाकांना तुम्ही दिलंच होतं ना?”

गेनसाकू हे मामंजींचे जिवलग मित्र. माझ्या लग्नाआधी एका वसंतात लाकूड अंगावर पडून त्यांचा पाय मोडला होता. त्यांचाही ढीग घालू, असं सगळे म्हणत होते. मामंजींनी घालू दिला नाही. चढला नाही, त्याला नाही. लोक नाराज झाले. घरी आल्यावर मामंजींनी आपलं पुडकं न सोडता सासूबाईंच्या हाती दिलं आणि मागच्या दाराने गेनसाकूंच्या घरी पाठवलं. “त्या साली अस्वल आमच्याकडे नुसतं वासाने आलं,” असं सासूबाई अजून ऐकवतात.

“मी माझ्यातलं दिलं,” मामंजी म्हणाले. “शिनपेईने सगळ्यांच्या पातेल्यातलं काढून दिलं. आणि गेनसाकूला मी दगड नाही केलं.”

“त्याने मानाने दिलं, बाबा.”

“मानाने देवळात ठेवतात.”

मग त्यांनी, इतका वेळ विचारायचं टाळलेलं, ते विचारलंच. “बार किती?”

किन्जी चुलीतले निखारे सारखे करू लागला.

“मला डाव्या कानाने ऐकू येतं अजून.”

“तीन.”

“पहिला?”

“मागच्या पायाला. ते घळीत उतरलं. सापडेपर्यंत अंधारत आलं.”

“समोर कोण होतं?”

“कुणी नाही. यंदा वॉकी-टॉकी घेतलेत ना सगळ्यांनी.”

आमच्याकडच्या हाक्यात एक माणूस समोरच्या डोंगरावर बसतो. त्याच्याकडे बंदूक नसते. झाडीत शिरलेल्या माणसाला चार हातांपलीकडचं दिसत नाही, पण समोरच्याला अख्खी उतरण दिसते. अस्वल कुठे थबकलं, कुठे वळलं, हे तो दोन्ही हात हलवून सांगतो आणि त्याच्या हाताबरहुकूम सगळा हाका सरकतो. वाटा मात्र त्याचाही बाकीच्यांइतकाच.

“तर तुम्ही सगळे एकमेकांशी बोलत होता,” मामंजी म्हणाले, “आणि बघत कुणी नव्हतं.”

“सापडलं ना शेवटी.”

“सापडलं. तोवर ते काय करत होतं?”

किन्जीने मान खाली घातली. वाईट माणूस नव्हता माझा नवरा. पहिला बार त्याचाच होता, हे मला त्याच्या मानेवरूनच कळलं. मामंजींनाही कळलं असणार. त्यांनी माझ्याकडे हात केला. मी त्यांना भात आणि धुरावरच्या मुळ्याचं लोणचं दिलं. ते तेवढंच खायला लागले, पातेल्याकडे न बघता. समोर वर्षातलं पहिलं अस्वल शिजत होतं आणि घरातलं सगळ्यात जुनं माणूस कोरडा भात चावत होतं. आम्ही तिघं बघत बसलो.

“शिनपेईला मी सांगितलं होतं,” सासूबाई म्हणाल्या.

मामंजींचा हात थांबला. सासूबाई त्यांच्या डाव्या बाजूला बसल्या होत्या.

“ह्यांना नेऊ नका, असं मीच जाऊन सांगितलं. मागल्या वर्षी पाठीवर आणलं, यंदा फळीवर आणाल म्हटलं. बाटलीसुद्धा आपल्याच घरातली. त्याला अवघड वाटत होतं म्हणून दिली.”

“तरीच,” मामंजी म्हणाले. “सवयीची वाटत होती.”

“मला वाटलं, घरी राहिलात तर घरी असाल. काल दिवसभर ती दोरी उसवलीत. चांगली होती ती दोरी.”

मामंजींनी वाडगा खाली ठेवला. मला वाटलं आता खरं भांडण होणार. पण ते म्हणाले काय, तर, “मला आता चढवत नाही, हे खरंच आहे. मित्सुए, तू नसतं सांगितलंस तरी पहिल्या चढावरच कळलं असतं. पण ते मला तिथं कळायला हवं होतं.”

त्यांनी सासूबाईंना नावाने हाक मारलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

सासूबाई उठल्या. चुलीजवळचा चिमटा घेतला आणि देवाच्या फळीपाशी गेल्या. तिथल्या कागदाच्या पुडक्याला बायकांनी हात लावायचा नसतो. त्यांनी ते चिमट्याने उचललं, निखारा धरावा तसं लांब धरून आणलं आणि मामंजींच्या पुढ्यात ठेवलं. माझ्या माहेरचा मासा. कागद काळपटला होता.

“लाकूडवाल्यांचा रस्ता समोरच्या डोंगरावर शेडपर्यंत जातो ना?” त्यांनी किन्जीला विचारलं.

“जातो.”

“बर्फ काढलाय?”

“काढलाय. पण आई, शिनपेई काय म्हणेल…”

“शिनपेईला मी सांगायला गेले तेव्हा त्याने ऐकलं. आताही ऐकेल. बसायचंच आहे, तर इथं बसून दोऱ्या उसवतात, तिथं बसून हात हलवतील.” मग मामंजींकडे वळून म्हणाल्या, “तिथं माझं नाव तेवढं काढू नका. देवीला बायकांचं नाव चालत नाही, आणि मला उचकी लागते.”

मामंजी माशाकडे बघत होते. त्यांनी कागदाचं एक टोक नीट दुमडून आत घातलं.

सासूबाईंनी पळी हातात घेतली आणि घराला सांगितलं.

“येत्या रविवारी हे समोर बसतील. किन्जी गाडीने शेडपर्यंत सोडेल आणि तिथून शेवटचा चढ हात धरून नेईल. फुमिए भाताचे गोळे करेल. आज खाल्लेला वाटा त्या दिवशी चढून फेडायचा, आणि त्या दिवशीचा ढीग घ्यायचा नाही. आता सगळ्यांनी वाडगे पुढे करा.”