सोनकांबळे बाईंची उसळ

दुपारचे अडीच. उमरीकर बाई पलंगावर आडव्या झाल्यात, लिहिलेली चार पानं पोटावर. पाच वाजता शाळेत सोनकांबळे बाईंची शोकसभा आहे आणि त्यांच्या कवितेवर बोलायचं काम उमरीकर बाईंकडे आलंय. येणारच म्हणा. तीस वर्षं मराठी शिकवलं, निवृत्त झाल्या, तरी कुणी गेलं की दोन शब्द यांनीच बोलायचे. लेख मनासारखा उतरलाय. डोळे मिटता मिटता त्या शेवटचं वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणून बघतात आणि स्वतःवरच खूश होतात.

"मोठ्यानं वाचा की," पायथ्याकडून आवाज येतो.

पायथ्याशी शशिकला सोनकांबळे बसल्यात. भूगोलाच्या, गेल्या महिन्यात वारलेल्या. साडीला तीच कडक इस्त्री. उमरीकर बाईंना भीती वाटायला हवी, पण त्यांना येतो राग. मेल्यावर तरी माणसानं विचारून यावं.

"बसा ना," त्या उगाच म्हणतात.

"बसलेच आहे. वाचा."

मग वाचणं आलं. कविता आहे अमेरिकेतल्या एका काळ्या मुलीवर. खाणावळीत ती आपल्या पावाचा तुकडा टेबलावरच्या सगळ्यांपुढे धरते, कुणी घेत नाही. 'दूरदेशीच्या वर्णभेदानं कवयित्रीचं मन किती कळवळलं,' बाई वाचतात. आणि शेवट: 'सुदैवानं आम्ही सारे एकाच टेबलाशी जेवलो.'

पलंगाखाली आता सतरंजी आहे, समोर स्टेज, स्नेहसंमेलनाच्या पताका. स्टेजवर सोनकांबळे बाई कविता वाचताहेत आणि पहिल्या रांगेत उमरीकर बाई पदरानं डोळे पुसताहेत.

"बघा, रडले होते मी," उमरीकर बाई जरा तोऱ्यातच म्हणतात.

"माहीत आहे. तुमच्याइतकं कुणीच रडलं नव्हतं. मला वाटलं, कळलं बाईंना. दुसऱ्या दिवशी मी चवळीची उसळ मुद्दाम जास्त आणली."

स्टेजचं टेबल बनतं. स्टाफरूममधलं, लांबलचक. मधली सुट्टी, सगळ्यांचे डबे उघडे, इकडची भाजी तिकडे. सोनकांबळे बाई झाकणात उसळ काढून पुढे करतात.

"आज माझा गुरुवार," उमरीकर बाईंच्या तोंडून आपसूक निघतं.

"हेच म्हणालात तेव्हाही. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, शनिवार मारुतीचा. बुधवारी पित्त. शुक्रवारी तर घरूनच पोटभर खाऊन यायचात."

"अहो, उपास खरे होते माझे."

"मग त्याच गुरुवारी कुलकर्णी बाईंची पुरणपोळी कुणी खाल्ली?"

उमरीकर बाई टेबलाखाली हात पुसतात. हाताला तूप लागलंय.

"मी कधी एका शब्दानं तुम्हाला दुखावलं का?" त्या चिडून विचारतात.

"नाही ना. म्हणून तर भांडता आलं नाही. शिवी दिली असतीत तर बरं झालं असतं, मीही दिली असती."

"आणि ती कविता? ती तर अमेरिकेची..."

"अमेरिका मी नकाशावर काठी ठेवून शिकवली, तेवढीच. कुठली खाणावळ आणि कुठला पाव. आपल्या टेबलाची म्हणून दिली असती तर हेडसरांनी वाचूच दिली नसती. आणि ती परत द्यायला तुम्हालाच पाठवलं असतं, गोड बोलता म्हणून."

"तोंड होतं ना तुम्हाला? तेव्हाच सांगायचं होतं."

"सांगत होते. अकरा वर्षं, रोज, झाकण पुढे करून."

आता टेबल एसटी स्टँडवर आहे. भोंगा चालू आहे, कुठली तरी गाडी लागलीय. सोनकांबळे बाई बाकावर बसून ती उसळ एकट्याच खाताहेत, भराभरा, पाण्याच्या घोटाबरोबर.

"इथे कशाला खाताय?" उमरीकर बाईंना खरंच कळत नाही.

"उसळ माझी मुलगी करायची. आठवीत होती तेव्हापासून, पहाटे उठून. संध्याकाळी विचारायची, आवडली का सगळ्यांना? मग डबा रिकामा नको?"

उमरीकर बाईंना मेल्याहून मेल्यासारखं होतं, आणि त्याचाही त्यांना रागच येतो.

"माफी हवीय का तुम्हाला?"

"माफी ठेवा तुमच्याजवळ. पाच वाजता ती पोरगी पुढे बसलेली असणार. माझ्यानं तिला खरं सांगवलं नाही. ते तुम्ही सांगायचं."

"सगळं गाव असेल तिथे. नाही जमणार मला."

"अकरा वर्षं चारचौघांत नाही म्हणायला जमलं की." सोनकांबळे बाई डबा पिशवीत टाकून उठतात. गाडीत चढताना मागे वळून बघतसुद्धा नाहीत.

"आई, पावणेपाच झाले. रिक्षा आलीय," सून दारातून सांगते.

उमरीकर बाई उठून बसतात. पानं मांडीवर आहेत. शेवटचं वाक्य लाल शाईनं खोडलंय, दोन आडव्या रेघांनी, त्या पेपर तपासताना मारायच्या तशा. उजव्या हाताचं बोट पेरापर्यंत लाल झालंय. निवृत्त झाल्यापासून या घरात लाल पेन नाही.

त्या बोट साडीला पुसतात. जात नाही.

"हे काय लागलंय बोटाला?" सून विचारते.

"तुझं पेन दे. आणि रिक्षावाल्याला म्हणावं, थांब जरा."

सुनेचं निळं पेन घेऊन त्या खोडलेल्या ओळीखाली लिहू लागतात. 'ही कविता अमेरिकेची नाही. ही आमच्या टेबलाची आहे. त्या टेबलाशी झाकण परत करणारी मी होते. हे मला सोनकांबळे बाईंच्या मुलीला सांगायचंय. बाळ,' इथपर्यंत येतं आणि पेन थांबतं.

त्या मुलीचं नाव त्यांना माहीत नाही. कधी विचारलेलंच नाही.