शेवंताबाईंचा आवाज

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आणि आजही नाही असंच मी म्हणते... पण मग ते काय होतं?

मी चंद्रपूरच्या एका हॉस्पिटलमध्ये मेडिकल कोडर आहे. डॉक्टरांनी लिहिलेल्या आजाराला ठरलेला कोड द्यायचा, एवढंच काम. नियम मात्र कडक – नुसत्या संशयावर आजाराचा कोड द्यायचा नाही. तपासणीत पक्कं होईपर्यंत फक्त लक्षण लिहायचं.

शेवंताबाई जंगलालगतच्या मोहर्ली गावच्या. तिकडे एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटायच्या. किडनीवर टोपीसारखी बसलेली ॲड्रिनल ग्रंथी, तिच्यात गाठ झाली, पुरुषी हार्मोन वाढले आणि बाईंना दाढीमिशा फुटल्या, आवाज पुरुषासारखा घोगरा झाला. लोक म्हणू लागले, बाहेरचं लागलं. पोरीची, वर्षाची, जुळत आलेली सोयरीक मोडली. ऑपरेशन झालं, गाठ नागपूरला तपासणीला गेली, आणि तोवर मी नियमाप्रमाणे कोड दिला – अंगावर जादा केस.

डिस्चार्जच्या दिवशी माझ्या खिडकीशी येऊन त्यांनी त्या घोगऱ्या आवाजात विचारलं, "बाई, माह्या कागदावर काय लिवलं?"

मी सांगितलं.

"केसच लिवले? केस तं साऱ्यायले दिसतेत. कशानं आले थे लिव ना. लोक माह्या पोरीले नावं ठेवून राह्यले."

"रिपोर्ट आला की लिहीन, मावशी. त्याआधी मला लिहिता येत नाही."

त्या पदरानं हनुवटी झाकून निघून गेल्या. मला फार वाईट वाटलं.

रिपोर्ट आला तेव्हा जेवणाची सुट्टी होती, ऑफिसात मी एकटीच. मी सी-७४ टाइप केलं – ॲड्रिनल ग्रंथीचा कॅन्सर. मान वर केली तर खिडकीशी शेवंताबाई. चेहरा स्वच्छ, आणि आवाज... बारीक, गोड, जरासा नाकातला.

"लिवलं का, बाई?"

"लिहिलं, मावशी. ग्रंथीचा आजार होता. तुमचा काही दोष नाही."

"मंग पोरीले सांग," म्हणाल्या आणि पदर सावरत निघाल्या.

ऑपरेशनचा गुण आला म्हणून मी खूश. रिपोर्ट न घेताच गेल्या हे लक्षात आलं, म्हणून लगेच वर्षाला फोन लावला – आईला थांबव म्हटलं, कागद इथेच राहिलाय.

 ती म्हणाली, "मॅडम, माय तं सकाळीच गेली. आत्ताच मातीवरून आलो."

काही दिवसांनी वर्षा रिपोर्ट न्यायला आली. मी चाचरतच तिला सगळं सांगितलं, आवाजाचंही. तिनं मोबाईल काढला. आजाराच्या आधीचा व्हिडिओ होता – चुलीजवळ बसलेल्या शेवंताबाई शूटिंग करणाऱ्या पोरीवर लटक्या रागानं ओरडत होत्या, "बंद कर वो थे, पोळी जळते!"

तोच आवाज. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा तो आवाज उरलाच नव्हता... मग मी तो ऐकला कुठे?

नवरा म्हणतो, दमली होतीस, डुलकी लागली असेल. असेलही. पण कधी न ऐकलेला आवाज डुलकीत कसा येतो?

त्या दिवशी निघताना वर्षानं रिपोर्ट छातीशी धरला. "मॅडम, आपल्याच आवाजात बोलली ना थे? म्हणजे बरी होऊन गेली ना माय?"

मी हो म्हटलं, आणि आम्ही दोघीही रडलो.