घरतमामांचा फ्लेक्स

घरतमामा गाडी तपासायच्या आधी तिच्या मालकाला गप्प करायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि मोकळा हात वर धरायचा. तो हात वर असेपर्यंत मुरुडात कोणाची बोलायची टाप नव्हती. मी माझी स्कूटर पहिल्यांदा नेली आणि "चढावाला धापा टाकते हो," असं सुरू केलं, तर हात वर. मिनिटभरानं डोळे उघडून म्हणाले, "गाडीला काय झालं न्हाय. तुमी क्लच धरून चालवताय. शाळेत पोरांचे कान धरता, तसा." मी हायस्कुलात मराठी शिकवतो, ही बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती.

विष्णू घरत हे त्यांचं खरं नाव, पण उभ्या गावाचे ते मामाच. त्यांना एकच व्यसन होतं, मोटरसायकलच्या शर्यतींचं. दोन गाड्या, एक टेम्पो आणि तीन माणसं एवढ्या बळावर त्यांनी 'दर्या रेसिंग' नावाची टीम उभी केली होती. मालक-मेकॅनिक मामा, गाडी चालवणारा नासिर आणि सेक्रेटरी मी. सेक्रेटरीचं काम म्हणजे प्रवेशअर्ज भरणं आणि उन्हात मामांच्या डोक्यावर छत्री धरणं.

नासिर तिशीतला गडी. आठवडाभर बर्फाची गाडी घेऊन बंदरावर जायचा आणि रविवारी शर्यतीत उतरायचा. तो सिद्दी घरातला. पूर्वज कधीकाळी आफ्रिकेतून समुद्रावरून आले आणि इथलेच झाले. काळाभोर रंग आणि कुरळे केस तेवढे पिढ्यान्‌पिढ्या सोबत राहिले. बाकी भाषा, बोंबलाचं वेड आणि दिलेली वेळ न पाळणं, सगळं अस्सल मुरुडचं. मामा त्याला उठताबसता शिव्या घालायचे. ज्याला मामा शिव्या घालत नसत, त्यानं आपलं काय चुकलं याचा विचार करावा, अशी गावात रीत होती.

एकदा आम्ही घाटावर मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीला गेलो. नासिरनं हेल्मेट काढलं आणि कुंपणापलीकडून आरडाओरडा सुरू झाला. "ए नायजेरिया! परत जा!" कोणी माकडाचे आवाज काढले. माइकवरच्या निवेदकालाही चेव आला. "आपल्यासाठी थेट आफ्रिकेहून आलेले पाहुणे!" असं तो म्हणाला आणि मैदान खदाखदा हसलं. नासिरही हसला. शर्यतीत तो दुसरा आला, ढाल घेतली आणि टेम्पोत बसला.

घाट उतरताना तो म्हणाला, "मामा, आता दुसरा रायडर बघा. मना कंटाळा आलाय."

"गाडी चालवायचा?" मामांनी विचारलं.

"न्हाय. हसायचा."

मामांनी गिअर बदलला.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजात गेलो तो तावातावानंच. टीमनं जाहीर पत्रक काढलं पाहिजे, परदेशातल्या मोठमोठ्या टीम वर्णद्वेषाविरुद्ध उघड बोलतात, आपणच का शेपूट घालायचं, असं मी वर्गात बोलतो तसं पाऊण तास बोललो. मामा प्लग घासत राहिले. "मास्तर, टीमचं काम गाडी पळवायचं. गाडीनं बोलावं, मालकानं गप बसावं. आणि पत्रकानं काय होतंय? शिव्या देणारा पत्रक वाचत न्हाय, आणि पत्रक वाचणारा शिव्या देत न्हाय."

वाक्य इतकं बिनतोड होतं की मीच वहीत टिपून घ्यायच्या बेतात होतो. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या मामी दारातूनच म्हणाल्या, "काल तुमची गाडी बोलली ना? दुसरी आली ना? मंग त्यातलं नासिरला काय ऐकू आलं?"

मामांनी प्लग खाली ठेवला. मामींच्या हातून चहा घेतला आणि म्हणाले, "लिवा मास्तर. पण चार ओळी."

मी चाळीस लिहिल्या. त्यात मानवता होती, बंधुभाव होता, एक संस्कृत वचनही होतं. मामांनी कानावरची पेन्सिल काढून सगळ्यावर काट मारली आणि खाली स्वतःच्या किरट्या अक्षरात लिहिलं : 'नासिर आमचा हाय. त्याच्या रंगावरून कोण बोललं, तर आमची टीम शर्यत सोडून जाईल.' माझी भाषा अशी धारातीर्थी पडली. पण कबूल करतो, ते माझ्यापेक्षा चांगलं होतं.

पंधरा दिवसांनी आमच्याच किनाऱ्यावर शर्यत होती. पत्रक कागदावर कोण वाचणार, म्हणून मामांनी मोठा फ्लेक्स करायला टाकला. मधोमध गाडीवर बसलेला नासिर, दोन बाजूंना आम्ही दोघं, खाली तो मजकूर. नासिरला शेवटचं एकदा उतर म्हणून गळ घातली. तो आढेवेढे घेत तयार झाला.

शर्यतीच्या सकाळी ओहोटीनं वाळू घट्ट झाली होती, गर्दी जमली होती आणि फ्लेक्स दिमाखात उभा होता. मी वर पाहिलं आणि माझ्या हातातली छत्री गळून पडली. फ्लेक्सवर मी गोरापान होतो. मामा गुलाबी होते. आणि मध्ये नासिर, लग्नाला उभ्या राहिलेल्या नवरदेवासारखा, दुधात धुऊन काढलेला.

मी तिथूनच फ्लेक्सवाल्याला फोन लावला. तो बिचारा गांगरला. "सर, आम्ही सगळ्यांनाच उजळ करतो. नगरसेवकांपासून मयतापर्यंत. आजवर कोणाची तक्रार नाही! आणि मामांना फोनवर पाठवलं होतं की. ते म्हणाले, झकास."

भोवतीचे लोक पोट धरून हसत होते. मलाही हसू आवरत नव्हतं, खोटं कशाला बोलू. नासिर मात्र मान वर करून बघत राहिला. "मामा," तो म्हणाला, "माझ्यासाठी बोर्ड लावला, आणि मीच न्हाय त्याच्यात."

मामांचा चेहरा उतरला. "मी सायलेन्सर बघितला," ते पुटपुटले. "चेन बघितली. गाडी बरोबर आली म्हणून हो म्हटलं. तुझ्या तोंडाकडं बघितलंच न्हाय रं."

मग जन्मात सभेत तोंड न उघडलेला हा माणूस तरातरा मंडपात गेला आणि निवेदकाच्या हातातला माइक त्यानं काढून घेतला. "त्या बोर्डावर चूक हाय. चूक माझी हाय. नासिर, इकडं ये. हा बघा नासिर. हा असा काळा हाय, असाच चांगला हाय, आणि इथलाच हाय. घाटावर याला लोक नको ते बोलले, तवा मी गप बसलो. आज कोण बोललं, तर आमची गाडी मागं फिरंल. झालं." टाळ्या पडल्या, पण मामांना त्या ऐकू आल्या असतील असं वाटत नाही.

शर्यत सुटली. दुसऱ्या फेरीला नासिर पुढे होता आणि तेवढ्यात गर्दीतून एक टारगट ओरडलाच, "ए नायजेरिया!" शब्दाला जागणारे मामा दोन्ही हात हलवत वाळूवर धावले, "थांब! मागं फिर!" नासिर त्यांच्या बाजूनं वाळू उडवत निघून गेला. तिसऱ्या फेरीलाही तेच. तोवर लोकांनीच त्या टारगटाला बखोटीला धरून बाहेर काढलं होतं. नासिर पहिला आला.

मामा संतापले होते. "जाहीर बोललो होतो मी! थांबला का न्हाईस?"

नासिरनं हेल्मेट काढलं. "मामा, बोलायचं तुमी ठरवलंत, बरं केलंत. पण थांबायचं का न्हाय, ते मी ठरवणार."

मामांनी त्याला एक सणसणीत शिवी घातली आणि मिठी मारली. दुसरा रायडर बघायचा विषय त्यानंतर निघाला नाही.

मामा गेले, त्याला दीड वर्ष होईल. शेवटच्या आजारात मी रोज दुपारी त्यांच्या उशाशी बसायचो. एकदा म्हटलं, "मामा, पत्रक काढलं ते बरोबरच झालं, नाही?" त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं. त्यांनी हात वर केला. बराच वेळ डोळे मिटून पडले आणि मग म्हणाले, "बरोबर झालं. पण उशिरा झालं. घाटावर पहिली हाक आली, तवाच बोलायला पायजे होतं. पोरगा एकटा हसत उभा होता, मास्तर."

मी "असू दे हो" म्हणालो आणि त्यांचं पांघरूण नीट केलं. घाटावर मीही त्यांच्या शेजारीच उभा होतो. बोलणं हा तर माझा धंदा. पण त्या दिवशी माझ्या हातात शेंगदाण्याची पुडी होती, आणि निवेदकाच्या विनोदाला मी हसलो होतो.