मयताला बोलावणं लागत नाही

धाकू भोईरला माणसं मेलेली आवडतात, असं त्याची सून विनिता म्हणायची, आणि त्यात फार खोटं नव्हतं.

तालुक्याच्या सबजेलमध्ये शिपाई म्हणून धाकूने तीस वर्षं माणसं आत घेतली नि बाहेर सोडली. रिटायर होऊन बाळकुमला मुलाच्या फ्लॅटवर राहायला आला, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की सरकार माणसाला फाटकापर्यंतच सोडतं. पुढचं, म्हणजे गावाने त्याला परत घेणं, कोणाच्याच ड्यूटीत येत नाही. मग ते त्याने आपल्या अंगावर घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. न सांगितलेल्या कामात माणूस जरा जास्तच डोकं चालवतो, तसं चालवून त्याने एक रीत काढली.

सुटलेल्या माणसाला गावात नेलं की लोक दारं लावतात. लग्नाला नेलं तर यजमानाचं तोंड वाकडं, जत्रेला नेलं तर हाणामारी. पण मयताला बोलावणं लागत नाही, आणि आलेल्याला कोणी हाकलत नाही, वैऱ्यालाही नाही. "तिरडीला खांदा दिला का मानूस गावचा झाला," धाकू म्हणायचा. "मंग चहाला कोन नाय बोलतो?" तेव्हा गावात कोणी जाईपर्यंत थांबायचं, आणि त्या दिवशी आपला माणूस घेऊन हजर व्हायचं. अशी अकरा माणसं त्याने घरी पोचवली होती. अकराही गावांतले म्हातारे वेळेवर गेले, याचं श्रेयसुद्धा तो स्वतःकडेच घ्यायचा.

साईनाथ बारावा. खडवलीपलीकडच्या गावचा. देवीचा चांदीचा मुखवटा चोरल्याचा त्याच्यावर आळ होता. तीन वर्षं कच्चा कैदी म्हणून काढली, मग कोर्टाने निर्दोष सोडलं. गावाचं म्हणणं असं की पुरावा सापडला नाही हा कोर्टाचा दोष. धाकटा भाऊ पंढरी फोनवर म्हणाला, "दादा, इतक्यात नको येऊस. आम्हाला पण वाळीत टाकतील." साईनाथला गावात बाकी काही नको होतं. म्हातारी आई होती, मनुबाई, तिच्याजवळ राहायचं होतं.

"मी सरळ जातो ना काका. काय करतील? मारतील."

"येडा झालास? एकदा हाकलून दिला तर जन्मात घेनार नाय. रीतीनं जाऊ. पाटलाचा आजा चौऱ्यान्नवचा हाय. आज हाय, उद्या नाय."

तोवर धाकूने त्याला बाळकुमच्याच एका कॉम्प्लेक्सात वॉचमन म्हणून चिकटवलं. गाव ज्याला चोर म्हणत होतं, त्याच्याकडे सोसायटीने पहिल्याच दिवशी गच्चीच्या आणि पंपाच्या किल्ल्यांचा जुडगा दिला.

धाकू दर आठ दिवसांनी पाटलाकडे फोन लावायचा. "आज्याची तब्येत कशी हाय?" आवाजात इतकी आस्था असे, की घरच्यांना भरून येई. एवढी विचारपूस सख्खे जावई करत नव्हते. श्रावणात आजा खोकायला लागला, धाकूने साईनाथला बॅग भरायला लावली. आजा बरा झाला. दिवाळीत आज्याने अन्न सोडलं, बॅग पुन्हा भरली. चौथ्या दिवशी आज्याने मटण मागितलं.

मनुबाई दर गुरुवारी शेजारणीच्या मोबाइलवरून बोलायची. "कवा येतो रं?"

"काका बोलतील तेव्हा, आई."

"दे काकाला."

मग धाकू तिला रीत समजावून सांगायचा. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला म्हातारी उलट काय बोलणार? "तुमी म्हनता तसं," म्हणायची आणि फोन ठेवायची.

माघात एका सकाळी पंढरीचा फोन आला. "गावात मयत झालंय. दादाला घेऊन या."

"आजा गेला?" धाकू खुर्चीतून उठलाच.

"आजा नाही. आई गेली."

मधल्या त्या क्षणात आपल्याला आनंद झाला होता, याची धाकूला पुढे कायम लाज वाटत राहिली.

दुपारी दोघं गावात पोचले. कोणी अडवलं नाही. पाटील स्वतः पुढे आला, साईनाथला दंडाला धरून तिरडीच्या पुढच्या अंगाला घेऊन गेला. "थोरला आलाय, सरका," म्हणाला. ज्यांनी दारं लावली असती, त्यांनीच त्याच्या हातात मडकं दिलं. रीत अगदी तंतोतंत लागू पडली.

चिता पेटल्यावर धाकू नदीकाठी एका दगडावर बसला. पाटील शेजारी येऊन टेकला.

"बरं झालं आणलंत. म्हातारी रोज संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर जाऊन बसायची. आम्हाला वाटायचं, पोरगाच येत नाही म्हणजे मनात काळंबेरं असणार."

"आला असता तर घेतला असता तुमी?" धाकूने विचारलं.

पाटलाने जरा विचार केला. "शिव्या घातल्या असत्या. चार दिवस बोललो असतो. मग काय? त्याचंच घर आहे. जीव थोडाच घेणार होतो!"

पाटील खरं बोलत होता, का मयताच्या दिवशी माणसाला येतो तसला तेवढ्यापुरता चांगुलपणा होता, हे कळायला काही मार्ग नव्हता. पाटलाचं बोलणं खोटं असावं, अशी धाकूने मनातल्या मनात देवीची करुणा भाकली.

साईनाथ नदीत बुडी मारून ओल्या अंगाने त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. नमस्काराला हात उचलले, मग सुतकात नमस्कार नसतो हे आठवून खाली घेतले.

"काका, तुमचं खरं निघालं," तो म्हणाला. "कोणी अडवलं नाही."