वजाबाकीच्या दोन रीती

पाठशाळेत वाढलेल्या माणसाला लिहिलेल्या अंकाक्षरांवर काट मारलेली सहन होत नाही. आमच्या आचार्यांकडे पाटीवरची चूकसुद्धा आधी नमस्कार करून, मग ओल्या फडक्याने पुसावी लागे. माझ्या हातून जे घडले त्याचे मूळ या संस्कारात असेलही. दोष मात्र संस्काराचा नाही, माझा आहे.

दीक्षितपुऱ्यात आमच्या शेजारची एक मुलगी तिसरीत होती. आई रिछाईच्या एका कारखान्यात कामाला जाई, म्हणून माझी सायंसंध्या आटोपली की ती गृहपाठ घेऊन माझ्यापाशी बसे. राइट टाउनमधील एका शाळेत चौथीच्या प्रवेशासाठी परीक्षा व्हायची होती. जागा मोजक्या होत्या, आणि आईने सारी आशा त्या परीक्षेवर ठेवली होती.

एके दिवशी बावन्न वजा सत्तावीस हे उदाहरण निघाले. तिने पाचावर काट मारून वर चार लिहिले आणि दोनाचे बारा केले. मी वही ओढून घेतली.

"अंक असे खोडतात का?"

"मॅडमनं असंच शिकवलं, आजोबा. बरोबर येते असं."

"पूस ते."

मग मी माझी रीत दिली. वरच्या पाचाला हात लावायचा नाही. दोनाचे बारा मनात धरायचे आणि हातचा एक खालच्या दोनात मिळवायचा. पाचातून तीन गेले, उरले दोन. उत्तर पंचवीस. तिचेही पंचवीसच येणार होते, हे पाहण्याइतकाही मी थांबलो नाही.

महिनाभर ती शाळेत एक रीत आणि माझ्यापुढे दुसरी करीत राहिली. परीक्षेच्या घाईत दोन्ही एकत्र झाल्या. वरच्यातून एक कमी केला, खालच्यात एक वाढवला. हातच्याच्या प्रत्येक वजाबाकीत दहा कमी आले. प्रवेश हुकला.

आई उत्तरपत्रिका घेऊन आली. "पाहा गुरुजी. तुम्ही एवढं शिकवून राहिले, अन् हिचं ध्यानच नाही."

मुलगी मान खाली घालून उभी होती. कागद पाहताच मला सर्व उमगले होते. मी एवढेच म्हणालो, "पुढच्या वर्षी पाहू."

त्यानंतर चार दिवस जपाची माळ नुसती बोटांतून फिरत होती. पाचव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो आणि घोळ माझ्या रीतीमुळे झाला हे आईला सांगितले.

"अच्छा," ती म्हणाली. "मले काहून सांगता? मार तर तिनं खाल्ला. तिले सांगा."

मुलीसमोर खाली बसून मी तेच पुन्हा सांगितले. तिने ते नीट ऐकून घेतले.

"मग माझं पहिलं बरोबर होतं?"

"होते, बाळ."

"मी तर तेव्हाच म्हटलं होतं."

तिच्या स्वरात राग नव्हता. ती दप्तर भरू लागली. गल्लीतल्या एका दीदीकडे तिची शिकवणी लागली होती, आणि तिला उशीर होत होता.