खांबावरचा हात

मी आज जो काही आहे तो माझी थोरली बहीण शांता, आमची अक्का, हिच्यामुळे आहे. हे वाक्य मी सत्काराच्या दोन-तीन कार्यक्रमांत बोललो आहे आणि त्यावर टाळ्याही मिळाल्या आहेत. त्याच्या पुढचं मात्र कधी बोललो नाही.

एकोणऐंशीच्या जूनमध्ये दहावी पास होऊन मी पुण्याला निघालो, तेव्हा अक्का कारखान्यातून थेट सोलापूर स्टेशनवर आली होती. केसांत सुताचा भुसा, हातात फडक्यात बांधलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी. गठुडं खिडकीतून आत देत ती म्हणाली, "पुण्यात टीव्ही लई साफ दिसतो म्हणं. बघ आता पोटभर." आणि हसली. मला हसता आलं नाही. गाडी हलली, ती मागे पडली, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

तेव्हा सोलापुरात टीव्ही यायचा नाही. पण आमचे वडील, अप्पा, ज्यांच्या मागावर चादरी विणायचे, त्या बसवंतप्पा मालकांनी पुण्याहून लाकडी शटरचा एक टीव्ही आणला होता. त्यांचं घर आमच्याच गल्लीच्या टोकाला. माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, त्यांनी उंच लोखंडी खांब उभा केला आणि त्याच्या टोकाला अँटेना बांधली. उन्हाळ्यात त्यातून नुसती खरखर यायची. थंडी पडली की मात्र अंधार झाल्यावर एखाद्या रविवारी पुण्याचं चित्र धरायचं. अख्खी गल्ली मालकांच्या सोप्यात, पुढच्या खोलीत, मांडी घालून बसायची आणि केंद्र बंद होईपर्यंत हलायची नाही.

टीव्ही आला त्या पहिल्या हिवाळ्यात मी आठवीत होतो, अक्का दहावीत. आमची आई, अव्वा, आधीच गेलेली, त्यामुळे घरातलं सगळं करून अक्का शाळेत जायची. एका रविवारी चित्र सारखं हलत होतं म्हणून मालकांनी तिला खांब फिरवायला वर पाठवलं. तिनं खांब धरला आणि पडद्यावरच्या मुंग्या गेल्या, माणसांची तोंडं दिसायला लागली. तिनं हात काढला, की मुंग्या परत.

"हात काढू नगंस पोरी!" मालक खालून ओरडले. "हिच्या अंगात काय हाय की!"

आम्ही दोघांनी ठरवलं, अर्धा सिनेमा तिनं खांब धरायचा, अर्धा मी. पण मी धरला की चित्र ठरायचं नाही. खालून शिव्या यायच्या, "त्या बारक्याला काढा, शांतीला चढवा." दोन रविवारांत माझी पाळी संपली. तिची कायमची झाली.

घरी आल्यावर अंथरुणात ती विचारायची, "मग? पुढं काय झालं?" तिच्या हातांना लोखंडाचा वास यायचा. सिनेमा सांगायचा हा माझा मोठेपणा होता आणि तो मी फुकट वाटत नव्हतो. "उद्याचं माझं पाणी तू भर, मग सांगतो." ती भरायची. कधी अर्ध्यावर आणून मी झोपेचं सोंग घ्यायचो. ती दोनदा हाक मारायची.

जानेवारीतल्या एका रविवारी ताटातूट झालेल्या दोन भावांचा सिनेमा लागला होता. ते आता भेटणार, सोप्यात कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं, आणि पडद्यावर मुंग्या आल्या. सगळ्यांनी मागं बघितलं. दारात अक्का उभी होती, डोक्यावरून चादर घेतलेली.

"मला पण बघू द्या की," ती म्हणाली. "एकच डाव."

मालक काही बोलले नव्हते. कुणीच बोललं नव्हतं. सगळ्यांच्या आधी मी उठलो. "जा की वर! तुझ्यामुळं गेलं सगळं!"

मालकांना हसू फुटलं. "बघा, भाऊच हाकलतोय!" सगळा सोपा हसला. अक्कानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि ती जिना चढून गेली. त्या रात्री तिनं पुढं काय झालं ते विचारलं नाही. नंतरही कधी नाही.

पुढच्या रविवारी ती आली नाही. परीक्षा जवळ आली, आता अभ्यास करायचा, म्हणाली. सोप्यात त्या दिवशी नुसत्या मुंग्या. सोमवारी मालकांनी अप्पांना मागावरच विचारलं, "काय, पोरीला आमचं घर नको झालं व्हय?" अप्पा तिथंच घाबरले. मालकाच्या मर्जीवर आमची चूल होती. संध्याकाळी त्यांनी तिला विचारलं नाही. मला बाजूला घेतलं. वर्गात मी पहिला यायचो, म्हणून घरात माझा शब्द खरा.

"खरं सांग, अक्का अभ्यास करती का?"

मला रविवार दिसत होता. मी म्हणालो, "कुटं काय! नुसतं पुस्तक उघडून डुलक्या काढती."

"मग शाळा कशाला?" अप्पा म्हणाले. "कांड्या भरू दे."

दुसऱ्या दिवसापासून अक्का मालकांच्याच कारखान्यात जायला लागली. मागाच्या धोट्यात घालायच्या कांड्यांवर दिवसभर सूत भरायचं. परीक्षेला ती बसलीच नाही. पुढच्या रविवारी ती माळवदावर गेली, खांब धरला, आणि चित्र आलं.

दोन वर्षांनी मी तिच्याच पुस्तकांवर दहावी केली. गणिताच्या पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या समासात पेन्सिलीनं तिची उत्तरं होती. मी ती मागच्या पानांवरच्या उत्तरांशी ताडून बघितली. बहुतेक सगळी बरोबर होती.

पुढचं माझं शिक्षण तिच्या कांड्यांवर झालं. होस्टेल, बी. एस्सी., बँकेतली नोकरी, सिंहगड रोडला फ्लॅट. माझ्या बाल्कनीतून किल्ल्यावरचा टीव्हीचा मनोरा दिसतो. आम्ही ज्याच्यासाठी थंडीत जागायचो ते चित्र तिथूनच निघायचं. इथं ते बघायला कुणाला छतावर उभं करावं लागत नाही. सोफ्यावर पडून रिमोट दाबायचा.

गाव सोडून आलेले आपण सगळे मागं राहिलेल्यांना वस्तू पाठवतो. तुम्हीही पाठवल्या असतील. मी अक्काला मोठा कलर टीव्ही पाठवला. फोनवर विचारलं, "चालतोय का गं?" "चालतोय की," ती म्हणाली. गेल्या दिवाळीत तिचा मुलगा माझ्याकडं आला होता. तो सहज बोलून गेला, "मामा, टीव्ही लावला की आई उठून बाहेर जाऊन बसती. का ते सांगत न्हाय."

तो झोपल्यावर मी हे पत्र लिहिलं आणि सकाळी त्याच्याच हाती दिलं.

*ती. अक्कास सा. न.*

*तू अभ्यास करत नाहीस, असं अप्पांना मी सांगितलं होतं. तू करत होतीस. मला माहीत होतं. मला रविवारचा सिनेमा पाहिजे होता, बाकी काही कारण नव्हतं. अप्पा गेले तरी मी हे बोललो नाही. तुला टीव्ही पाठवला तेव्हाही नाही.*

*घरी ये, असं तू दर पत्रात लिहितेस. घर म्हटलं की मला मालकांच्या सोप्याचं दार दिसतं. तू तिथं उभी आहेस आणि मी तुला हाकलतोय. इतकी वर्षं झाली, मला दुसरं घर आठवत नाही.*

*त्या दिवशी पुढं काय झालं ते तू कधी विचारलं नाहीस. आज सांगतो, बदल्यात काही नको. दोघे भाऊ भेटले. तू परत खांब धरल्यावर जे चित्र आलं, तसं साफ चित्र त्या हिवाळ्यात परत कधी आलं नाही. आणि मी ते शेवटपर्यंत बघितलं.*

*तुझा,*
*मल्लू*