नवा की वापरातला?

जकात नाक्यावर आनंदाने जाणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बाकीची दुनिया नाका दिसला की मान खाली घालते, गाठोडं मांडीखाली सरकवते, नाकेदाराचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून कडेवरच्या लेकराला चिमटा काढून रडवते. आमच्या साडूंचं सगळंच उलट. दुरून रस्त्यावरचा आडवा बांबू दिसला की ते गाडीत सावरून बसत, टोपी नीट करत, आणि माहेरचं झाड दिसू लागलेल्या सासुरवाशिणीसारखा त्यांचा चेहरा उजळत जाई. ते गेले त्याला आता महिना होत आला. रोज संध्याकाळी थोडं लिहायला बसतो. चार ओळी होतात आणि त्यांचं एखादं वाक्य कानात येतं, मग लेखणी तशीच राहते. घाई करण्यासारखं काही उरलेलंही नाही.

साडूंचं घर लोणारला. शेती बटाईने लावलेली, त्यामुळे माणूस फिरायला मोकळा. तेव्हा आपलं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, आणि दर शहराची जकात वेगळी. खामगावात एका जिनसेवर घेत ती मलकापुरात सोडून देत, मलकापुरात जिच्यासाठी गाडी अडवत तिच्याकडे खामगावात कुणी ढुंकून पाहत नसे. मलकापूर ओलांडून खानदेशात शिरलं की मुंबई इलाख्याचे कायदे सुरू होत. लोणारच्या खाली थोडं उतरलं की निजामाचं राज्य, आणि तिथली करोडगिरी. हा शब्द ऐकून नवख्याला वाटावं की करोडोंचा मामला असेल. प्रत्यक्षात ती सरहद्दीवरची जकातच, एक झोपडी, एक नाकेदार आणि एक तराजू. या सगळ्याबद्दल लोक कुरकुरत, शिव्या देत. साडूंनी कधी एक शब्द वाईट काढला नाही. त्यांना राग येतच नसे, त्यांना नवल वाटे. पाखरं पाहणारा माणूस जसा झाडाखाली उभा राहतो, तसे ते नाक्यासमोर उभे राहत.

एकदा आमच्याकडे खामगावला येताना त्यांनी घरच्या म्हशीच्या तुपाचा डबा आणला. नाक्यावर स्वतः उतरून जकात भरली आणि घरी आल्यावर पाय धुवायच्या आधी मला म्हणाले, "साडभाऊ, म्हैस तेच, तूप तेच, डबा तोच. लोणारात ह्याचा एक भाव, आन् तुमच्या गावात पाय ठेवला का दुसरा. मंग रस्त्यात ह्या तुपाले झालं तं काय झालं?" मी शाळामास्तर, मुलांना भूगोल शिकवत होतो. प्रांत, तालुके, सरहद्दी मला फळ्यावर काढता येत. पण तुपाला काय झालं, ते मला सांगता आलं नाही. त्यांनी तो प्रश्न त्यानंतर पाहुणचारात तीन-चार वेळा विचारला, आणि माझी बायको तूप वाढताना दर वेळी हसत राहिली.

कुठल्याही नव्या गावात गेलं की माणसं देऊळ विचारतात, खानावळ विचारतात. साडू विचारत, "इथं कशाकशावर हाय?" त्यांचं एक ठाम मत होतं. "गावाचा सभाव पाहाचा असन तं नाका पाहा. देवळात समदे चांगलेच असतेत." एका गावच्या नाक्यावर कैरीवर जकात होती, लोणच्यावर नव्हती. साडूंनी तिथल्या नाकेदाराला विचारलं, "मीठ लावलं का कैरी कैरी राह्यत नाई काय?" तो म्हणाला, "इथं असंच हाय." हे उत्तर त्यांना फार आवडे. दर नाक्यावर ते हेच उत्तर मिळेपर्यंत प्रश्न विचारत आणि मिळालं की समाधानाने मान हलवून गाडीत येऊन बसत.

त्यांच्यासोबत प्रवास करायला मात्र कुणी तयार नसे. मोटारीत साडू दिसले की ओळखीचे लोक पुढच्या मोटारीने जात. ते कुणाची चुगली करत नसत, तो त्यांचा पिंडच नव्हता. पण त्यांची जिज्ञासाच महागात पडे. एकदा एक म्हातारी लुगड्याच्या ओच्यात हिंगाची मोठी पुडी लपवून बसली होती. नाकेदार पेंगुळलेला, त्याने नुसतं आत डोकावून हात हलवला. गाडी सुटणार इतक्यात साडूंनी खिडकीतून विचारलं, "भाऊ, हिंगावर किती?" नाकेदार जागा झाला, त्याने एक लांब श्वास घेतला, आणि पुढचं सगळं वासानेच झालं. म्हातारी उतरताना म्हणाली, "तुह्या जिभेले लागो तं हिंगच लागो रे बापा!" साडूंना वाईट वाटलं. त्यांनी तिची जकात स्वतः भरली, आणि मग परत जाऊन मिऱ्याचं विचारून आले.

छत्रीची गोष्ट तर आमच्या सगळ्या सोयऱ्यांना पाठ आहे. एका शहरात वापरातल्या वस्तूला माफी होती. साडूंनी कागदात गुंडाळलेली नवी छत्री घेऊन नाका ओलांडला, जकात भरली, बाहेर आले, कागद फाडला, छत्री उघडून डोक्यावर धरली आणि पुन्हा आत गेले. आभाळ कुंद, ऊन नाही, पाऊस नाही. नाकेदार म्हणाला, "आता छत्री काऊन उघडली?" साडू म्हणाले, "आता थे वापरात हाय. आता लागत नाई ना?" "नाई लागत." "म्हणजे कागद फाडला का वस्तू जुनी होते?" नाकेदाराने हात जोडले. त्या दिवसापासून नवं कुठे संपतं आणि वापरातलं कुठे सुरू होतं, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात घर करून बसला.

आणि पुढे त्याच प्रश्नाशी त्यांच्या लेकीचं सुख येऊन अडकलं.

सुमन त्यांची एकुलती एक. तिला सरहद्दीपलीकडे, निजामाच्या राज्यातल्या एका गावात दिलेलं. पहिलं बाळंतपण माहेरी झालं आणि बाळाला घेऊन सासरी जायची वेळ आली. रीतीप्रमाणे पाळणा माहेरचा. सासूबाईंचा निरोप आधीच आला होता, की पाळणा नवाच हवा. मोठी सूनही वऱ्हाडातलीच; तिच्या माहेरून वापरलेला आला होता, तेव्हापासून तिला दिवाळीला माहेरी पाठवलेलं नाही. सुमनने हे ऐकलं तेव्हापासून ती जेवताना मध्येच थांबायची.

साडूंनी सागवानी पाळणा करून घेतला. पण पलीकडच्या नाक्यावर नव्या लाकूडकामावर करोडगिरी लागे, वापरातल्यावर नाही. त्यामुळे लोणारात एक जुनी पद्धत होती, तिला "वापरात काढणं" म्हणत. नव्या भांड्याला काजळी फासायची, नव्या लुगड्याची घडी मोडायची, आणि नाका ओलांडला की पुसून झटकून पुन्हा नवं करायचं. साडू शेतावर गेलेले पाहून अक्कांनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, पाळणा वापरात काढला. तेल लावलं, हळद लावली, दांड्यांना काजळ पुसलं, बाळाला त्यात दोन दिवस निजवलं, आणि बाळाने आपल्या परीने हातभार लावला. पोचवायला मीही सोबत जाणार होतो. निघताना अक्का मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "नाक्यावर ह्यायले तोंड उघडू देऊ नोका. तुमीच बोला. शिकेल माणूस हा तुमी."

मी वाटभर वाक्य जुळवत होतो. नाका आला, मी घसा साफ केला, आणि तोवर साडू गाडीतून उतरून बोलूनही चुकले होते.

"पाळणा हाय. नवा."

नाकेदाराने वाकून पाहिलं आणि तो हसला. "काका, हळद लागलीय, तेल लागलंय, लेकरानं ओला केलाय. वापरातला आहे. चला, न्या."

"नाई नाई. नवाच हाय. सुताराकडून आणला न् मी."

"अहो, मग असा कसा दिसतो?"

साडूंनी पहिल्यांदाच पाळणा नीट पाहिला. मग सुमनकडे पाहिलं. ती बाळाला छातीशी धरून बसली होती, डोळे भरलेले. त्यांच्या सगळं ध्यानात आलं असावं. तरी ते म्हणाले, "लेकरू नवं हाय, पाळणा बी नवा हाय."

आता नाकेदाराच्या मनात पाल चुकचुकली. "मी इतकी वर्षं इथं बसलोय. सगळे नव्याला जुनं म्हणतात. तुम्ही जुन्याला नवं म्हणता. यात काय भानगड आहे?" आणि त्याने सगळं सामान उतरवायला लावलं. झबली झटकली, दुपटी उलगडली, आत काही दडवलं असेल म्हणून डिंकाचा एक लाडू फोडून पाहिला. साडू शेजारी उभे राहून मन लावून बघत होते.

"डिंकावर किती?" त्यांनी विचारलं.

"आहे थोडी."

"आन् लाडू वळल्यावर?"

"लाडवाला नाही."

"काऊन?"

"इथं असंच आहे, काका!" नाकेदार ओरडला, आणि मग फोडलेला लाडू वाया जाऊ नये म्हणून खात उभा राहिला. शेवटी कंटाळून त्याने करोडगिरी घेतली, पाळणा पालथा केला, आणि नव्या मालावर लावतात तशी तांबड्या लाखेची मोहर तळाशी उमटवून दिली.

पुढच्या वाटेवर सुमन ओल्या पदराने पाळणा पुसत राहिली. हळद निघेना, उलट पसरत गेली. काजळ सागाच्या रेषांत जाऊन बसलेलं. "बाबा," ती एकदाच बोलली, "आता मले दिवाळीले कोणी पाठवत नाई." साडूंना गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

सासरच्या दारात सासूबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी बाळाबाळंतिणीवरून तुकडा ओवाळला, आणि नजर गाडीतून उतरवलेल्या पाळण्यावर गेली. हात तिथेच थांबला.

"हे असं जुनंपानं कशाला आणलं, इवाई? आमच्या नातवाला उसना पाळणा?"

मोठी सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मान फिरवली. मी पुन्हा घसा साफ केला. साडूंनी पुढे होऊन पाळणा उचलला आणि अंगणाच्या मधोमध पालथा घातला.

"इहीनबाई, माह्यं नोका आयकू. तुमच्या सरकारचं आयका."

तांबडी मोहर उन्हात चमकली. सरहद्दीवरच्या गावात ती मोहर काय असते हे सगळ्यांना माहीत होतं, आणि रीतीभातीच्या वस्तूवर ती कुणी कधी पाहिली नव्हती. सासूबाई खाली बसल्या, तिच्यावरून बोट फिरवलं. शेजारणी कुंपणावरून डोकावू लागल्या.

"करोडगिरी भरली? पाळण्याची?" त्या म्हणाल्या. "भरतं कोण!"

"मी भरतो," साडू म्हणाले. "बाकीचे नव्याले हळद लावून जुनं करतेत."

सासूबाई उठता उठता थांबल्या. त्यांनी हळूच स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "मग हिच्या माहेरचा तो पाळणा..."

"तो बी नवाच असन," साडू म्हणाले. "तिच्या मायनं वापरात काढला असन. आमच्या घरीबी तेच झालं न्."

मोठी सून आत निघून गेली, आणि आतून भांडं पडल्याचा आवाज आला. सासूबाईंनी हातातला भाकरतुकडा लांब टाकला. मग म्हणाल्या, "बाळाला आत घ्या. ऊन लागंल." त्या दिवाळीला दोन्ही सुना आपापल्या माहेरी गेल्या. मोठीने लोणारच्या या अनोळखी काकांसाठी चकल्या पाठवल्या, त्या सुमनबरोबर नाक्यावरून आल्या, आणि साडूंनी खाण्याआधी तिला विचारलं, "ह्यांच्यावर काही घेतलं काय?"

त्यानंतर पुष्कळ घडलं. निजामाचं राज्य गेलं. सरहद्दीवरचा नाका मात्र राहिला. आपल्याकडे नवा विक्रीकर आला. म्हातारे झालेले साडू काठी टेकत किराणा दुकानात जाऊन बसत. "साडभाऊ," त्यांनी मला अगदी शेवटच्या भेटीत सांगितलं, "पहिले आपण नाक्यावर जात होतो. आता नाकाच दुकानात येऊन बसला. वाण्याले इचारलं, ह्याच्यावर हाय न् त्याच्यावर काऊन नाई? तं तोबी म्हणते, असंच हाय." आणि ते इतके हसले की खोकल्याची उबळ आली. अक्कांनी पाणी दिलं. पाण्याचा पेला हातात धरून ते म्हणाले, "ह्याच्यावर अजून नाई."

मुलगा नसल्यामुळे अस्थी गोदावरीला नेण्याचं माझ्याकडे आलं. जावई पुढे घाटावर भेटणार होते. सुमन लोणारलाच आईजवळ होती. तिने गाडग्याच्या तोंडाला स्वतः फडकं बांधून दिलं. मी आणि गाडीवान, दोघेच निघालो. तोच रस्ता, तीच झोपडी, आडवा बांबूही बहुतेक तोच. नाकेदार मात्र नवा होता, तरणा पोरगा. मांडीवरचं गाडगं पाहून तो जवळ आला.

"काय आहे?"

मी शाळेत आयुष्यभर बोललेला माणूस. पण नाक्यावर बोलायची सवय मला कधीच नव्हती. माझ्याआधी बोलणारं नेहमी कुणीतरी असायचं. मी घसा साफ केला. या वेळी कुणी मध्ये आलं नाही.

"गाडगं नवं आहे," मी म्हणालो. "आतलं वापरातलं."

त्याने फडक्याची गाठ पाहिली आणि त्याला कळलं. त्याने टोपी काढली. "मातीला काही लागत नाही. न्या."

आपल्याकडे गाडग्याचीही माती असते आणि माणसाचीही माती म्हणतात. त्याला कुठली म्हणायची होती कोण जाणे. गाडीवानाने कासरा ओढला. बैल चालू लागणार तोच मला वाटलं, एक प्रश्न राहिला. तो विचारल्याशिवाय साडू इथून कधीच हलले नसते.

"इथंच नाही लागत," मी वाकून विचारलं, "की सगळीकडेच?"

पोरगा जरा गोंधळला. असं त्याला कुणी विचारलं नसावं. बांबू वर उचलता उचलता म्हणाला, "सगळीकडंच असं असंल, काका."

मी समाधानाने मान हलवली, आणि नीट सावरून बसलो.